वाढत्या वयातली विषाची परीक्षा

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर, एका कोनावर उभा केल्यासारखा, एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा यांपैकी एक रंग भरलेला असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेली ही खूण अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही कळावी अशा बेताने आखली गेली, आणि ती कळतेही. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य, एवढे गावागावात माहीत आहे. तो रंग कशावरून ठरतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, हा आकडा त्याच्या मुळाशी आहे. ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे हा चौकोन एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : किती विषाने जीव जातो?

ज्याचा जीव जात नाही, त्याचे काय? जे वासरू, जे पिल्लू किंवा जो मुलगा थोड्याथोड्या विषाच्या संपर्कात येऊनही हिंडत-फिरत राहतो, वाढतो, धडधाकट दिसतो आणि वयात आल्यावर ज्याची प्रजननक्षमता उणी निघते, त्याच्यासाठी त्या चौकोनात रंग नाही. विषबाधेकडे पाहण्याची आपली सार्वजनिक दृष्टीही त्या चौकोनासारखीच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. विशेष तपास पथक नेमले गेले, काही औषधांची विक्री तात्पुरती थांबवली गेली, संरक्षक कपड्यांची चर्चा झाली. ते सारे आवश्यकच होते. पण त्या फवारणीच्या काळात त्याच शिवारात चरणाऱ्या गोऱ्ह्यांचे आणि पाण्याच्या बादल्या वाहून नेणाऱ्या पोरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कोणत्याही पथकाच्या कार्यकक्षेत नव्हता. मृत्यू मोजता येतो. न जन्मलेले मूल किंवा न राहिलेला गाभ मोजण्याची रीत आपल्याकडे नाही.

या प्रश्नात प्राण्याचे वय इतके महत्त्वाचे का, हे आधी समजून घ्यायला हवे. प्रौढ नराच्या वृषणात शुक्रजंतू अखंड तयार होत असतात. बैलाच्या जातीत एक फेरी पुरी व्हायला साधारण दोन महिने लागतात. प्रौढ वळूला विषाची झळ लागली आणि विष थांबले, तर बहुतेक वेळा पुढच्या एक-दोन फेऱ्यांत परिस्थिती सावरते. वाढत्या वयाच्या नराचे तसे नसते. शुक्रजंतूंना आधार आणि पोषण देणाऱ्या पेशी वृषणात असतात. त्यांना सर्टोली पेशी म्हणतात. यांतील प्रत्येक पेशी ठरावीक संख्येपेक्षा अधिक शुक्रजंतू सांभाळू शकत नाही, आणि या पेशींची वाढ फक्त गर्भावस्थेत आणि वयात येण्यापूर्वीच्या काळात होते. उंदरात ती जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत थांबते, वासरात साधारणपणे पहिल्या सहामाहीत. त्या मुदतीत जेवढ्या पेशी तयार झाल्या तेवढ्याच आयुष्यभराची पुंजी. पुढे कितीही चांगला चारा घातला तरी तीत भर पडत नाही. नर संप्रेरकांची जुळणीही याच काळात बसत असते. म्हणून जी मात्रा मोठ्या जनावराला निभावून नेता येते, तीच लहान जनावराच्या बाबतीत कायमची तूट ठरू शकते.

ही केवळ पाठ्यपुस्तकातील शक्यता नाही, याचा पुरावा आपल्याच देशात तयार झाला होता. लखनऊच्या तेव्हाच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात सिन्हा, सक्सेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एन्डोसल्फान या कीटकनाशकावर उंदरांवरील प्रयोगांची एक मालिकाच केली. १९९५ मध्ये त्यांनी प्रौढ नरांवरील परिणाम प्रसिद्ध केले. १९९७ च्या निबंधात त्यांनी आईचे दूध नुकतेच सुटलेले, तीन आठवड्यांचे नर घेतले, त्यांना आठवड्यातून पाच दिवस, किलोमागे अडीच ते दहा मिलिग्रॅम या मात्रेत, वाढीच्या काळभर एन्डोसल्फान दिले आणि मग वृषणांची तपासणी केली. शुक्रजंतूंची निर्मिती घटलेली होती. २००१ मध्ये याच गटाने गर्भावस्थेतील संपर्काचा अभ्यास मांडला. प्रौढ, किशोर, गर्भ अशा क्रमाने वयाच्या पायऱ्या उतरत गेलेले हे संशोधन मला विलक्षण शिस्तीचे वाटते. त्याची दखल परदेशी विषविज्ञानाच्या संदर्भग्रंथांनी घेतली. आपल्या नोंदणी समितीच्या दारावर मात्र त्याची टकटक ऐकू गेल्याचे दिसत नाही.

उंदरांवरचे हे काम चालू असताना केरळच्या उत्तर टोकाला, कासरगोड जिल्ह्यात, एन्डोसल्फान प्रत्यक्ष आकाशातून पडत होते. केरळ प्लांटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने फवारणी होत असे. बागा टेकड्यांवर, वस्ती आणि झरे उतारावर. तिथली पहिली तक्रार माणसाने केली नव्हती, तशी ती जनावराला करताही येत नाही. १९७९ मध्ये पड्रे परिसरात एका शेतकऱ्याकडे पायांत व्यंग असलेली वासरे जन्मली आणि श्री पड्रे या स्थानिक पत्रकाराने त्याविषयी लिहिले. त्या लेखनाने फवारणी थांबली नाही. गावातले डॉक्टर वाय. एस. मोहनकुमार यांनी पुढे माणसांतील विचित्र आजारांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि कृषी खात्यातीलच कर्मचारी लीलाकुमारी अम्मा १९९८ मध्ये न्यायालयात गेल्या. वासरांपासून न्यायालयापर्यंतचे हे अंतर एकोणीस वर्षांचे आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यानंतर २००१ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे पथक पड्रे गावात गेले. संस्थेचे तत्कालीन संचालक हबीबुल्ला सैयद आणि सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध २००३ मध्ये एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १० ते १९ वयोगटातील ११७ शाळकरी मुले फवारणीच्या गावातली आणि ९० मुले फवारणी न झालेल्या गावातली, अशी तुलना त्यात होती. वयाचा फरक हिशेबात धरूनही फवारणीच्या गावातील मुलांमध्ये लैंगिक परिपक्वता मागे पडलेली दिसली. टेस्टोस्टेरॉन या नर संप्रेरकाची पातळी कमी होती, आणि ते तयार करण्याचा हुकूम देणारे मेंदूकडचे संप्रेरक वाढलेले होते. हाकारा मोठा होत चालला होता आणि ओ देणारा क्षीण होता. रक्तातील एन्डोसल्फानचे प्रमाणही अर्थातच जास्त होते. वृषण खाली न उतरणे, अंडवृद्धी, अंतर्गळ यांसारखी जन्मजात व्यंगे एका गटात ५.१ टक्के आणि दुसऱ्यात १.१ टक्का आढळली. संख्या लहान असल्याने हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, आणि ते लेखकांनी स्वतःच नमूद केले. नमुना लहान आहे, अनेकांनी तपासणीला नकार दिला, ही मर्यादाही त्यांनी लपवली नाही.

हा प्रामाणिकपणाच पुढे त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. केंद्राने नेमलेल्या दुबे समितीने २००३ मध्ये असा निर्वाळा दिला की, एन्डोसल्फान आणि कासरगोडमधील आजार यांचा संबंध सिद्ध होत नाही. समित्यांची भाषा आपल्याला परिचयाची आहे. ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ हे वाक्य वैज्ञानिकाच्या तोंडी असते तेव्हा त्याचा अर्थ ‘आणखी तपासा’ असा होतो. प्रशासनाच्या फाइलीत तेच वाक्य ‘विषय बंद’ असे वाचले जाते. शेवटी एप्रिल २०११ मध्ये जिनिव्हात स्टॉकहोम करारान्वये एन्डोसल्फान जागतिक बंदीच्या यादीत गेले आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्याचे उत्पादन, विक्री व वापर थांबवला. नुकसानभरपाईचे पाच लाख रुपये पीडितांना तीन महिन्यांत द्या, असा आदेश केरळ सरकारला मिळायला १० जानेवारी २०१७ उजाडावे लागले. लखनऊच्या किशोर उंदरांनी दिलेली साक्ष १९९७ ची आहे.

प्राण्यांची साक्ष डावलण्याचा हा प्रकार केवळ भारतीय आहे असे समजण्याचे कारण नाही. जमिनीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी हे रसायन उंदीर, ससे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा संकोच घडवते, हे अमेरिकेत उत्पादक कंपन्यांसाठीच झालेल्या प्रयोगांत दिसले होते आणि १९६१ मध्ये ते छापूनही आले. रसायन विकले जात राहिले. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉपच्या कारखान्यातील कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून उघड झाले की, त्या विभागात काम करणाऱ्यांपैकी कोणाच्याच घरी पाळणा हलत नाही. तपासणी झाली तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच. फ्लोरिडातील अपोप्का सरोवराची कथा तर नेमकी पिल्लांची आहे. १९८० मध्ये काठच्या कारखान्यातून डायकोफॉल आणि डीडीटी पाण्यात सांडले. पुढे लुई गिलेट यांनी तिथल्या कोवळ्या वयाच्या नर सुसरींची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन फार कमी आणि जननेंद्रिये खुरटलेली आढळली. सुसरी मरत नव्हत्या. पोहत होत्या, शिकार करत होत्या. डायकोफॉलवर भारतात पूर्ण बंदी आली ती २०२३ मध्ये.

केरळ, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा ही नावे घेताना एक धोका असतो. वाचकाला वाटते की हे अपवाद आहेत, दुर्घटना आहेत. हेलिकॉप्टर नाही, सांडलेला टँकर नाही, कारखाना नाही, अशा साध्या शेतीच्या मुलखात हा प्रश्न कसा दिसतो, ते पाहायचे तर मला माझ्या दारापासून सुरुवात करणे सोपे आहे. मी भिलाईत राहतो. भिलाई म्हटले की देशाला पोलाद आठवते, आणि १९५९ साली पेटलेली पहिली झोतभट्टी. पण कारखान्याच्या वसाहतीची शेवटची रांग संपली की लगेच धानाचे बांध सुरू होतात. दुर्ग, बेमेतरा, बालोद हा धानाचा सलग पट्टा आहे, आणि दुर्गचाच धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकाला इथली शेती अनोळखी वाटणार नाही. पीक तेच, खोडकिडा तोच, तुडतुडे तेच, आणि बहुतेक औषधांची नावेही तीच.

छत्तीसगडमध्ये सरकार सध्या एकरी २१ क्विंटल धान, क्विंटलमागे ३,१०० रुपये या हिशेबाने घेते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे आणि तिच्याविषयी नाक मुरडण्याचा शहरी शहाणपणा मला करायचा नाही. पण भाव पक्का झाला की पीक हातचे जाऊ देण्याची भीतीही वाढते. तुडतुड्यांचा एक ठिपका दिसला की फवारणी, करप्याची शंका आली की फवारणी, आणि शेजाऱ्याने केली म्हणून आपलीही, हा क्रम मी दर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाहतो. सल्ला देणारा बहुधा औषधाचा दुकानदारच असतो. त्याचा हिशेब दाण्याचा आहे. कापणीआधी किती दिवस फवारणी थांबवावी, हे डब्यावर छापलेले असते आणि तेही माणसाच्या ताटात येणारा तांदूळ डोळ्यांपुढे ठेवून.

तणस मात्र जनावराच्या पुढ्यात जाते. छत्तीसगडीत त्याला पैरा म्हणतात. धानाचा दाणा घरात जातो, त्याला भुसाचे आणि कोंड्याचे कवच असते. औषध ज्या पानांवर आणि खोडावर पडते, ते सगळे पैऱ्यात उरते. त्यात अंश किती राहतो, हे औषधाच्या जातीवर, मात्रेवर आणि शेवटच्या फवारणीपासून कापणीपर्यंतच्या दिवसांवर अवलंबून असते. काही औषधे आठवड्यात विरतात, काही रेंगाळतात. मागच्या सरकारच्या काळात ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’ योजनेखाली गावोगाव गौठाण उभे राहिले, आणि शेतकऱ्यांनी पैरा जाळू नये, गौठाणाला दान करावा, म्हणून ‘पैरादान’ची मोहीम निघाली. कल्पना उत्तम होती. दान आलेल्या पैऱ्यावर शेवटचे औषध कोणते आणि कधी मारले होते, हे विचारण्याची पद्धत मात्र मी एकाही गावात पाहिली नाही. गोठ्यात बांधलेली गाय ते खाते, चरबीत साठणारी औषधे असतील तर ती दुधातून वासराला जातात, आणि सहा महिन्यांचा गोऱ्हा स्वतःही तेच चघळू लागतो. ज्या सहामाहीत त्याची आयुष्यभराची पुंजी ठरते, तीच ही सहामाही.

पूर्वी निदान गावाला कळले असते. वळू वाया गेला आणि गाई फिरून फिरून माजावर येऊ लागल्या, तर राऊत म्हणजे गुराखी ते ओळखत असे. आता नैसर्गिक संयोग कमी होत चालला आहे, ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले आहे, आणि गोऱ्हा जन्मला की मालकाचे तोंड उतरते. कालवडीच जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा सरकार सवलतीने देत आहे. नराची प्रजननक्षमता हा शेतकऱ्याच्या चिंतेचा विषयच उरलेला नाही. बिघाड झाला तरी तो दिसण्याची जागा गावातून नाहीशी झाली आहे.

पण ती एका ठिकाणी शाबूत आहे, आणि योगायोगाने ते ठिकाण भिलाईपासून दूर नाही. दुर्गहून राजनांदगावकडे जाताना शिवनाथ नदी ओलांडली की अंजोरा लागते. तिथे कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि राज्याचे गोठित वीर्यनिर्मिती केंद्रही आहे. देशभरात अशी केंद्रे केंद्र सरकारच्या किमान मानकांनुसार चालतात, आणि ती मानके कडक आहेत. वीर्याच्या प्रत्येक संकलनाची नोंद होते : किती मिलिलिटर, शुक्रजंतूंची घनता किती, हालचाल किती. ७० टक्क्यांखाली हालचाल असलेले वीर्य टाकून द्यायचे असते. एका रेतमात्रेत दोन कोटी शुक्रजंतू हवेत आणि गोठवून पुन्हा वितळवल्यावर त्यांतील निदान ५० टक्के हालते राहायला हवेत. माणसांच्या बाबतीत असा सलग, तारीखवार आणि सरकारी दप्तर आपल्या देशात कुठेही नाही. नराच्या प्रजननक्षमतेचा एवढा तपशीलवार हिशेब आपण फक्त वळूंचा ठेवतो.

या दप्तरात एक जुने दुखणे नोंदलेले आहे. भारतातील संकरित वळूंपैकी बराच मोठा हिस्सा वीर्याची प्रत खराब असल्याने किंवा ते गोठवणे न सोसल्याने बाद करावा लागतो. पशुवैद्यक यावर कित्येक दशके लिहीत आले आहेत. कारणे म्हणून संकराची टक्केवारी, उन्हाळा, खुराक, हाताळणी यांची चर्चा होते आणि ती कारणे खरी आहेत. जेठात ४५ अंश तापमान सोसणाऱ्या वळूच्या वीर्याची प्रत उतरणारच. त्यामुळे बाद वळूंचे खापर कीटकनाशकांवर फोडण्याची घाई मी करणार नाही. मला खटकते ते एवढेच की, या शक्यतेची चाचणी घेतल्याशिवाय ती यादीबाहेर ठेवली गेली आहे. केंद्रात येणाऱ्या वासराला विलगीकरणात ठेवतात. क्षयरोग, सांसर्गिक गर्भपात, जॉन्स डिसीज अशा रोगांची तपासणी होते. वंशावळ पाहतात, आईचे दूध विचारतात. पण अनेक वासरे शेतकऱ्यांच्या गोठ्यांतून येतात आणि त्यांच्या आयुष्यातले पहिले महिने त्या गोठ्यात गेलेले असतात. त्या महिन्यांत त्यांनी कोणत्या पिकाचा चारा खाल्ला, गोचिडांसाठी अंगावर कोणते औषध चोपडले गेले, हे विचारणारा रकाना नाही. गोचिडांवरचे औषधही बहुधा कीटकनाशकच असते, आणि वासरू ते चाटते.

आता दिल्लीकडे वळू. १९६८ चा कीटकनाशक कायदा अजून लागू आहे. नव्या रेणूची नोंदणी करताना प्रजननावरील परिणामांची माहिती कंपनीला द्यावी लागते, हे खरे. पण कायदा येण्याआधीच बाजारात असलेली कित्येक औषधे ‘नोंदणीकृत आहेत असे मानून’ पुढे चालत आली. स्वस्त असल्याने गरीब शेतकऱ्याच्या हातात तीच असतात. अनुपम वर्मा समितीने ६६ औषधांचा आढावा घेतला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १८ औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. मे २०२० मध्ये आणखी २७ औषधांवर बंदीचा मसुदा निघाला. उद्योगाने हरकती घेतल्या, पुन्हा समिती बसली, आणि २०२३ मध्ये २७ पैकी तीनच औषधांवर पूर्ण बंदी आली, मोनोक्रोटोफॉसच्या एका द्रावणाला मुदत घालून निरोप देण्यात आला. त्या २७ मध्ये कार्बेन्डाझिम होते. धानावरील करप्यासाठी आणि बीजप्रक्रियेसाठी वापरले जाणारे हे बुरशीनाशक युरोपीय संघाने प्रजननक्षमतेला बाधक ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकलेले आहे. उंदरांच्या वृषणात ते सर्टोली पेशींच्या सांगाड्यालाच धक्का देते आणि अपक्व जंतू गळून पडतात. धान पिकवणाऱ्या पट्ट्यात त्याची विक्री आजही राजरोस होते. क्लोरपायरिफॉसही त्याच यादीत होते. मे २०२५ मध्ये जिनिव्हात ते जागतिक बंदीच्या यादीत गेले, काही सवलती ठेवून. त्यामागचे मुख्य कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवरचा परिणाम हे होते. पुन्हा वाढते वयच.

राज्यांच्या हातात फारसे काही नाही. जुन्या कायद्यानुसार राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री ६० दिवस थांबवू शकते, फार तर आणखी ३० दिवस. यवतमाळनंतर महाराष्ट्राला हीच दोरी किती आखूड आहे ते कळले. ९० दिवसांत खरीप निघून जातो, आणि वाढत्या वयातील परिणाम दिसायला तर वर्षे लागतात. २०२० मध्ये राज्यसभेत मांडलेले कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीने २०२१ च्या अखेरीस अहवालही दिला, पण ते विधेयक कायदा झाले नाही.

अमेरिकेने यातून एक वाट काढली होती, ती पाहण्यासारखी आहे. १९९३ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीने बालकांच्या आहारातील कीटकनाशकांवर अहवाल दिला आणि तीन वर्षांत संसदेने कायदा केला. लहान मुलांविषयी खात्रीलायक माहिती उपलब्ध नसेल, तर सुरक्षित मात्रा आणखी दहापटींनी कमी धरायची. माहिती नसणे ही कंपनीची सोय न राहता तिची अडचण बनली. संप्रेरकांवरील परिणाम तपासण्यासाठी तिथे जी चाचण्यांची मालिका ठरली, तीत एक चाचणी खास किशोर नर उंदरांची आहे. जन्मानंतरच्या २३ व्या दिवसापासून ५३ व्या दिवसापर्यंत औषध द्यायचे आणि ते वयात कधी येतात ते पाहायचे. लखनऊला साधारण हेच काम त्याआधी होऊन गेले होते. आपल्याकडे ती चाचणी करण्याची क्षमता नव्हती असे नाही. ती मागण्याचा नियम नव्हता. जुन्या औषधांच्या उत्पादकांकडून, मुदत ठरवून, ही एक चाचणी मागितली तर नोंदणी समितीचे काम फारसे वाढणार नाही. अर्थात निष्कर्ष तपासताना सावधपणा हवा. उंदराला दिलेली मात्रा बहुतेकदा शेतातल्या संपर्कापेक्षा कितीतरी मोठी असते, आणि प्रत्येक घट भीतीदायक नसते. पण ते ठरवण्यासाठी आधी आकडे हातात यायला हवेत.

आणि सगळेच दिल्लीतून व्हावे लागत नाही. कीटकनाशकांच्या अंशांची राष्ट्रीय पातळीवरील तपासणी भाज्या, फळे, धान्ये, दूध यांच्याभोवती फिरते. तिच्यात तणस आणि हिरवा चारा यांचे नमुने नियमाने घेणे ही केवळ प्रशासकीय बाब आहे. अंजोऱ्याचे वीर्यकेंद्र, त्याच्याजवळचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ ही सारी एका सकाळच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. पहिल्याकडे वळूंच्या वीर्याच्या नोंदी आहेत, दुसऱ्याकडे वासरांचे रक्त तपासू शकणारी माणसे, तिसऱ्याकडे कोणत्या भागात धानावर काय फवारले जाते याची जाण. वासरू विकत घेताना शेतकऱ्याला चार प्रश्न जास्त विचारायचे, रक्ताची एक कुपी जपून ठेवायची, आणि तीन वर्षांनी ते वासरू वळू म्हणून उभे राहील किंवा बाद होईल तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. महाराष्ट्राच्या वीर्यकेंद्रांनाही हे करता येईल, आणि विदर्भातून येणारी वासरे असतील तर कपाशीच्या शिवाराचा हिशेब त्यात आपोआप येईल. यंदाचा धान नोव्हेंबरात कापला जाईल आणि डिसेंबरात पैरा गोठ्यांपुढे रचला जाईल. पहिला नमुना तिथूनच घेता येतो.